बँडवरून आलेला तराणा

बाबा, मी दमले आहे. गेल्या रविवारी माझ्या गाण्याच्या बुवांच्या जन्मशताब्दीचा कार्यक्रम झाला आणि तेव्हापासून मी घरातून बाहेर पडलेले नाही. तसं फार काही केलं नाही मी तिथे. थोडं बोलले, थोडं गायले, एक शाल आणि एक नारळ घेऊन घरी आले. अशा शालींचा कपाटात ढीग झालाय. सून म्हणते, आई, आता कुणाला तरी देऊन टाकू या. गुडघे दुखतात, मोतीबिंदू काढल्यापासून दिव्यांचा त्रास होतो, हे सगळं आहेच; पण या वेळचा थकवा तिथला नाही. तुम्हाला एक गोष्ट सांगायची आहे आणि ती ऐकायला आता दुसरं कुणी उरलेलं नाही. आई असती तर तिला सांगितली असती, आणि ती पोळी उलटता उलटता म्हणाली असती, मला माहीत होतं.

आपल्या प्रतापनगरच्या क्वार्टरला दोन खोल्या, त्यातली एक स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत मी तंबोरा घेऊन बसायचे, म्हणून तुम्ही तुमचं क्लॅरिनेट घेऊन आत जायचात आणि दार लोटून घ्यायचात. अजून दिसतं मला. आई कढीला फोडणी देतेय, तुम्ही पिठाच्या डब्यावर बसलाय, क्लॅरिनेटची पत्ती तोंडात धरून ओली करताय, मग ब्लेडनं ती कणभर खरवडून पुन्हा तोंडात. हिंगाचा ठसका लागला की तुमचा सूर फाटतो आणि आई हसते. दाराच्या या बाजूला मी वैतागलेली, कारण माझा षड्ज तुमच्या सुरात मिसळतोय. आजोबा बडोदा संस्थानच्या बँडमध्ये होते. मिसरूड फुटतं ना फुटतं तोच तुम्हीही त्याच बँडमध्ये लागलात, आणि थोड्याच वर्षांत संस्थान विलीन झालं, बँड मोडला, वादक पांगले. तुम्हाला रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये फिटरचं काम मिळालं. लग्नसराईत मात्र लाल कोट चढवून तुम्ही नवरदेवाच्या वरघोड्यापुढे वाजवायला जायचात. वर्कशॉपमध्ये तुम्हाला सगळे क्लॅरिनेटवाले म्हणायचे आणि बँडमध्ये फिटरसाहेब. दोन्हीकडे तुम्ही थोडे पाहुणेच होतात.

सुट्टीत मी तुमचा डबा घेऊन वर्कशॉपच्या फाटकाशी यायचे. आत लोखंडावर लोखंड आपटत असायचं, आणि तुम्ही तेलकट हात चिंध्यांना पुसत येऊन पहिली गोष्ट काय सांगायचात? भोंगा काळी दोनच्या सुरात वाजतो, पण थंडीत जरा उतरतो. पलीकडचं लेथ मशीन पंचमात गुणगुणतं. मी सुरात असावं म्हणून सांगत होता की नुसतं कुणाला तरी सांगायचं म्हणून, कोण जाणे. डबा खाताना तुम्ही गोष्टी सांगायचात. जुन्या तबकडीच्या शेवटी गाणारी बाई एकदम इंग्रजीत आपलं नाव का सांगते? कारण तबकड्या छापायला जर्मनीला जायच्या, तिथल्या माणसाला कुठली कुणाची ते कळायला नको? बाजाची पेटी विलायतेची म्हणून तिला रेडिओवर वर्षानुवर्षं मज्जाव होता, आणि इकडे प्रत्येक बुवाच्या शेजारी तीच पेटी. आणि तुमची सगळ्यांत आवडती गोष्ट तंजावरची. तंजावरहून लग्न होऊन बडोद्याला आलेल्या राणीसाहेबांबरोबर नाचणाऱ्या बायका आल्या, त्यांचे शिक्षक आले, मृदंगवाला आला, आणि त्या मेळात क्लॅरिनेटही होतं. "बोल, त्या नाचाबरोबर क्लॅरिनेट! आहे की नाही गंमत?" मी म्हणायचे, आहे. मला गंमत वगैरे काही वाटत नव्हती. मी बुवांकडे गाणं शिकत होते आणि बुवांच्या घरात क्लॅरिनेट हा शब्द उच्चारला जात नव्हता.

बुवा वाडीत राहायचे, एका पोळीत, म्हणजे जुन्या घरांच्या अरुंद गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर. जिना असा उभा की वर पोचेपर्यंत श्वास संपायचा. बुवा म्हणायचे, इथूनच तालीम सुरू होते. ते कडक होते, पण अन्यायी नव्हते. सहा वर्षं शिकवल्यावर त्यांनी मला तो तराणा दिला. बिलावलाच्या अंगाचा, मध्य लयीतला, पायात चाल असलेला. देताना म्हणाले, "हा आमच्या घराचा. माझ्या गुरूंना त्यांच्या घरातून आला. बाहेर कुणाला द्यायचा नाही." मी त्यांच्या पायावर डोकं ठेवलं आणि घरी येताना खंडेराव मार्केटातून आईसाठी मोगरा घेतला, कारण मला वाटत होतं की आपल्याला कुणीतरी दागिना घातलाय आणि तो फक्त आपल्याला दिसतोय.

त्या वर्षीच्या गुरुपौर्णिमेला बुवांनी मला तोच तराणा गायला सांगितला. तुम्ही येणार नव्हतात, पहिली पाळी होती. पण पाळी बदलून आलात. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केस ओले करून बसवलेले. जिन्याजवळ, चपलांच्या शेजारी बसलात. मी गायले आणि बरं गायले. मग प्रसादाचा शिरा वाटला जात असताना तुम्ही उठून पुढे आलात. तुमचा चेहरा मला आजही दिसतो. त्यात कुणाला खोटं पाडायचा विचार नव्हता; गर्दीत गावचा माणूस भेटल्यासारखा आनंद होता. हात जोडून तुम्ही बुवांना म्हणालात, "बुवा, ही चाल तर आम्ही बँडवर वाजवायचो! मार्च आहे हा. माझे वडील वाजवायचे. तंजावरच्या मेळातला जो क्लॅरिनेटवाला होता ना, त्याच्याकडनं त्यांनी घेतली."

खोलीतले चमचे थांबले. बुवांनी शिऱ्याची वाटी खाली ठेवली. शांतपणे म्हणाले, "बँडवाल्यांनी आमच्याकडून उचलली असेल."

"नाही नाही," तुम्ही म्हणालात, तसेच हसत. "याला पुढे दुसरा भागही आहे. तो तर फारच..."

आणि मी बोलले. एकोणीस वर्षांची होते, हे कारण मी पुष्कळ वर्षं वापरून पाहिलंय. मी म्हणाले, "बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही. गप्प बसा ना." एवढंच. आवाज चढवला नव्हता. आवाज चढवला असता तर बरं झालं असतं. कुणीतरी मला रागावलं असतं. पण मी ते अशा सुरात बोलले जसं घरातल्या एखाद्या वेडसर माणसाला लोकांसमोर आवरतात, आणि सगळ्यांना ते योग्यच वाटलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. बुवांकडे पाहून म्हणालात, "चुकलं माझं," आणि जिन्याजवळ जाऊन बसलात. शिरा संपवलात. पानात काही टाकायची सवय तुम्हाला नव्हती.

घरी जाताना तुम्ही सायकल हातात धरून चालत होता, मी शेजारून. मला वाटलं तुम्ही आता बोलाल. लहरीपुऱ्यापाशी तुम्ही विचारलंत, "तंबोऱ्याची खुंटी सरकते का गं? सूर मधेच उतरत होता." मी हो म्हणाले. दोन आठवड्यांनी तुम्ही चार नव्या खुंट्या आणल्यात, रेल्वेच्या जुन्या डब्यातल्या सागवानी फळीतून वर्कशॉपच्या लेथवर काढलेल्या. त्या इतक्या घट्ट आणि गुळगुळीत होत्या की बुवांनीही हात फिरवून पाहिला. मी तुम्हाला काय म्हणाले ते आठवत नाही. बहुधा काहीच नाही. त्या दिवसापासून मी घरी असताना तुम्ही क्लॅरिनेट वाजवलं नाहीत. पेटी कपाटावर गेली. मी ते पाहिलं, मला कारण कळलं, आणि खरं सांगायचं तर माझ्या रियाजाला शांतता मिळाली.

गणपतीच्या आधी बुवांनी एके दिवशी मला एकटीलाच थांबवून घेतलं आणि म्हणाले, "त्या तराण्याचा अंतरा बदलायचा आहे. मूळचा सापडला." आधीचा अंतरा वरच्या षड्जाभोवती नुसताच घुटमळायचा. नवा असा होता की ऐकताक्षणी मान ताठ व्हावी. सा ग प सां, सरळ वर, मधे काही नाही, जिन्याच्या पायऱ्या गाळत चढल्यासारखा; आणि उतरताना अगदी सावकाश, एकेका पायरीवर हात टेकत. "कुठे सापडला?" मी विचारलं. बुवा म्हणाले, "होता एकाकडे." मी पुढे काही विचारलं नाही, कारण त्यांना असं विचारायची पद्धत नव्हती.

बाबा, त्या अंतऱ्यावर माझं नाव झालं. फार मोठं नाही. पण बडोद्यात, सुरतेत, पुण्याला दोनदा, लोक चिठ्ठी पाठवून तो तराणा मागायचे. शाळेत संगीत शिकवून मी संसार केला आणि तराण्यावर माझी ओळख झाली. तुम्ही प्रत्येक कार्यक्रमाला यायचात, शेवटच्या रांगेत बसायचात. अंतरा आला की तुम्ही डोळे मिटायचात. मी वरून बघायचे आणि मला वाटायचं, आता तरी यांना कळलं की गाणं काय असतं. मग तुम्ही निवृत्त झालात, मग दम लागायला लागला, आणि तुम्ही गेलात. शेवटच्या आठवड्यात फुंकर मारायलासुद्धा श्वास पुरत नव्हता तुम्हाला. बुवा तुमच्या आधी दोन वर्षं गेले होते.

आता रविवारच्या आधीचं सांगते. दिवाळीनंतर एक मुलगी माझ्याकडे यायला लागली. गुजराती आहे, विद्यापीठात जुन्या संगीतावर काम करते, स्कूटरवर येते आणि येताना माझ्यासाठी पेरू आणते. एका जुन्या बँडवाल्याच्या माळ्यावर तिला वह्या सापडल्या होत्या. त्यांचे फोटो मोबाइलवर घेऊन आली. सूर विलायती पद्धतीनं लिहिलेले, काड्या आणि ठिपके; ते तिला वाचता येतात, मला येत नाहीत. पण वरची नावं जुन्या वळणाच्या मराठीत, ती तिला वाचता येईनात. "मासी, आ शुं लख्युं छे?" हे काय लिहिलंय म्हणून ती विचारायची आणि मी चष्मा पुसून सांगायचे. दरबारी सलामी. दसऱ्याची स्वारी. एका पानावर लिहिलं होतं, "तंजावरकडील चाल, मिरवणुकीची." मी वाचून दाखवलं आणि तिनं मोबाइलवरच्या पेटीवर ती चाल वाजवायला सुरुवात केली, एका बोटानं, अडखळत.

दुसऱ्या ओळीला मी पेरूची फोड खाली ठेवली. चाल तीच होती. एका सुराचाही फरक नाही. मग दुसरा भाग आला. सा ग प सां. सावकाश उतरण. मुलगी थांबून म्हणाली, "मासी, आ तो तमारो तराणो छे ने?" तिनं माझा तराणा यूट्यूबवर ऐकला होता. मी म्हणाले, हो, दिसतो तसा. मग ती उत्साहानं सांगू लागली. तिकडे दक्षिणेत गोऱ्या सैनिकांचे बँड वाजायचे, आणि एका फार मोठ्या संगीतकारानं त्या चाली ऐकून त्यावर संस्कृत शब्द बसवले. देवाची स्तोत्रं, पण अंगात चाल सैनिकांची. तशीच ही एखादी चाल असेल. समुद्रावरून आली, तंजावरात मुरली, तिथून राणीसाहेबांबरोबर बडोद्याला. तिचे डोळे चमकत होते. मला त्या चेहऱ्याची ओळख होती आणि मला तो पाहवेना. मी म्हणाले, आज माझं डोकं दुखतंय, तू उद्या ये.

बुवांची चाल बँडवरून आली, एवढंच असतं तर मी कदाचित गप्प बसले असते. पण तो दुसरा भाग? तो बुवांना गुरुपौर्णिमेनंतर कुठून सापडला? दोन दिवस मी तेच घोळवत राहिले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी रिक्षा करून वाडीत गेले. बुवांची मुलगी अजून तिथेच राहते. ताई आता ऐंशीला आल्यात, खाली उतरत नाहीत. भाजी टोपलीला दोरी बांधून वर ओढून घेतात. मी तो जिना तीन वेळा बसत चढले. ताईंनी पाणी दिलं आणि मी सगळं सांगितलं, वह्यांचं, तंजावरच्या चालीचं.

ताई म्हणाल्या, "मला माहीत आहे ते."

"म्हणजे?"

"आमचे अप्पा तरुणपणी गुरूंच्या घरी राहत होते ना, तेव्हा बाहेरचं काही ऐकायची बंदी होती. पण रविवारी कमाटीबागेत संस्थानचा बँड वाजायचा. अप्पा भाजी आणायच्या निमित्तानं जाऊन झाडामागे उभे राहायचे. ती चाल डोक्यात बसली, तिचा त्यांनी तराणा बांधला. आता बँडवरून घेतली म्हटलं तर गुरू घराबाहेर काढतील. म्हणून सांगितलं, एका साधूनं शिकवला. गुरूंना तो इतका आवडला की त्यांनी स्वतःच गायला घेतला, आणि वर्षभरात लोकांना सांगायलाही लागले की आमच्या घराण्याचा जुना तराणा. शिष्यानं काय करायचं मग? अप्पा जन्मभर त्यात अडकले." ताई हसल्या, मग थांबल्या. "तुझे वडील बोलले त्या दिवशी अप्पा जेवले नाहीत."

ताईच पुढे बोलत राहिल्या. "आठवड्यानं मला म्हणाले, चल, प्रतापनगरला जायचंय. त्यांना डोळ्यांनी कमी दिसायला लागलं होतं, मी बरोबर असायचे. वर्कशॉपच्या फाटकाशी आम्ही उभे. भोंगा झाला, माणसं बाहेर पडली, तुझे वडील सायकलवर. अप्पांना बघून घाईनं उतरले आणि पायाशी वाकले. अप्पांनी त्यांचे हात धरले. म्हणाले, माझ्याकडे अर्धीच चाल आहे हो, पुढचा भाग ऐकायच्या आतच पाऊस आला आणि बँड उठला. उरलेली द्याल का?"

"आणि बाबा?"

"ते म्हणाले, द्यायचंय काय त्यात, घरी चला, ऐका. दुपारच्या सुट्टीत गेलो तुमच्याकडे. तू कॉलेजात. तुझ्या आईनं चहा केला. चारपाचदा गेलो असू. तुझे वडील स्वयंपाकघरात बसून वाजवायचे, अप्पा समोर पाटावर. एकदा तर दोघं मिळून, अप्पा गातायत आणि ते वाजवतायत. तुझी आई पदर तोंडाला लावून बसली होती."

ऐकता ऐकता मला एक दुपार आठवली. मी लवकर घरी आले होते आणि आई मोरीत चांगल्या कपबश्या धूत होती, पाहुण्यांसाठीच्या, निळ्या काठाच्या. कोण आलं होतं विचारलं तर म्हणाली, युनियनचे लोक.

"मग मला कुणी का नाही सांगितलं?" मी विचारलं, आणि माझा आवाज मलाच चिडका वाटला.

"तुझ्या वडिलांनीच अडवलं," ताई म्हणाल्या. "अप्पा सांगणार होते तुला. तुझे वडील म्हणाले, नको बुवा. तिचा तुमच्यावर फार विश्वास आहे, तो मोडू नका. गाणाऱ्याला तेवढा लागतो." ताईंनी टोपलीतल्या शेंगा पुढे ओढल्या आणि सोलायला लागल्या. मीही सोलायला बसले. निघताना मी विचारलं, शताब्दीला हे सांगू का? ताई म्हणाल्या, "सांग. अप्पांनाही सुटू दे एकदाचं."

तर बाबा, मी सांगितलं. रविवारी सकाळी दहा वाजता, भरलेल्या सभागृहात. मला वाटलं होतं लोक चिडतील, बुवांचे इतर शिष्य उठून जातील. तसं काहीच झालं नाही. गोऱ्यांच्या बँडपासून कमाटीबागेतल्या झाडापर्यंत मी सगळं सांगितलं आणि लोक हसले, टाळ्या वाजवल्या. झाडामागे लपलेले बुवा सगळ्यांना फार आवडले. आजकाल अशा गोष्टी लोकांना आवडतात. ज्या गोष्टीसाठी मी तुम्हाला गप्प केलं ती इतकी निरुपद्रवी होती, हे मला त्या टाळ्या ऐकताना कळलं. मग मी पुढचंही सांगितलं. बुवांनी नंतर प्रतापनगरला जाऊन, रेल्वेतल्या एका क्लॅरिनेटवादकाकडून पुढचा भाग कसा घेतला, ते. तुमची दुपारची सुट्टी सांगितली, स्वयंपाकघर सांगितलं, चहासुद्धा सांगितला. "एक क्लॅरिनेटवादक" म्हणाले. घरून निघताना मी मनात "माझे वडील" असंच म्हणत होते. सभागृहात तोंडातून दुसरंच आलं. वाटलं, गाऊन झाल्यावर सांगू. मग गायले. अंतरा नीट आला. आवाज आता पूर्वीसारखा राहिला नाही, पण वर जाताना कुठे अडला नाही.

कार्यक्रम संपल्यावर त्या मुलीनं मला गाठलं. वही उघडून, पेन हातात. ताई आल्या नव्हत्या. बाकीचे शिष्य माझ्या लग्नानंतर आलेले, त्यातल्या कुणालाही माझं माहेर माहीत नव्हतं. ती म्हणाली, "मासी, बहु सरस! पण ए क्लॅरिनेटवाळा भाईनुं नाम शुं हतुं? मारे लखवुं छे."

मागे पायांवर डोकं ठेवायला आलेल्या मुलींची रांग होती. मला बसायचं होतं, पाणी हवं होतं, डोळ्यांवर दिवे येत होते. ही सगळी कारणं मी चार दिवस लावून पाहिली आणि ती सगळी खरी आहेत. पण नाव सांगितलं असतं तर आडनाव सांगावं लागलं असतं, आणि ती हुशार आहे, लगेच म्हणाली असती, हे तर तुमचे वडील! मग त्यांनी तुम्हाला कधीच कसं नाही सांगितलं? आणि मला म्हणावं लागलं असतं की सांगितलं होतं, सगळ्यांच्या समोर, हसत हसत.

मी म्हणाले, "याद नथी, बेटा."

तिनं वहीत लिहिलं: क्लॅरिनेटवादक, रेल्वे वर्कशॉप, नाव माहीत नाही. गुजराती अक्षर, तेही माझ्या बाजूनं उलटं. तरी मला वाचता आलं. तिचा नंबर माझ्या फोनमध्ये आहे. आज गुरुवार, आणि मी अजून तिला फोन केलेला नाही.